करीमचाचांचं ‘लुक’ आणि भाट्याचा गुरुवार

करीमचाचांनी खाडीपलीकडे भाट्याला दुसरं बिऱ्हाड थाटलंय, अशी कुजबूज त्रेपन्न साली आमच्या राजिवडाभर झाली. खोटं कशाला बोलू, कुजबुजणाऱ्यांत मीच पहिला. दर गुरुवारी जेवण उरकलं की हा माणूस इस्त्रीचा सदरा चढवायचा, कानात अत्तराचा फाया खोचायचा, काखेत पुडकं मारायचा आणि तरीत बसून खाडीपार व्हायचा. मग लोकांनी समजायचं काय?

चाचांनी वीस वर्षं बोटीवर गोऱ्या साहेबांना जेवण वाढलेलं. आता बोटीवर जाऊ पाहणाऱ्या गड्यांना ते ओटीवर इंग्रजी शिकवत, तेही नाटक करून. स्वतःची टोपी लपवून फणसाखाली हुडकत फिरायचे. “हे लुक फॉर!” कोंबडीच्या पिल्लांवर हळूच टोपली ठेवायचे. “हे लुक आफ्टर!” मग माडाकडे बोट करून ओरडायचे, “लुक आउट!” की सगळे डोकी धरून पळायचे. “लुक एकच रे,” चाचा म्हणायचे, “पण सोबत बदलली की सोभाव बदलतो.”

एकदा त्यांच्यातला हमीद बोट कंपनीचं पत्र घेऊन आला. “चाचा, माझ्या अर्जावर ‘लुक इंटू’ लिवलंय. नोकरी मिळाली?”

चाचांनी कागद लांब धरला, जवळ धरला. “शुक्रवारी सांगतो. चष्मा नाय.”

चष्मा नाकावरच होता. शुक्रवारी मात्र त्यांनी विहिरीत खोल डोकावून दाखवलं. “असं! चौकशी करून कळवतील.”

मी उठवलेली बातमी एव्हाना बिल्किसचाचींच्या कानी गेली. त्यांनी राजापूरला भावाकडे कायमचं जायला बोचकं बांधलं; पण आधी सवतीचं तोंड बघायचं म्हणून पुढच्या गुरुवारी चाचांच्या मागोमाग दुसरी तर पकडली. मी धक्क्यावर वाट बघत बसलो. दोन तासांनी दोघं परतली. चाची पुढे, चाचा मान खाली घालून मागे.

“काय चाची, कशी आहे सवत?”

“तुज्यापरास बरी. तोंडात दात नाय तिच्या, पण चुगली पण नाय.”

बोचकं सुटलं. पुढच्या गुरुवारी चाचींनीच फणसाचे गरे बांधून दिले. झालं! बायकोच सवतीला खाऊ धाडते म्हणून आम्हाला कुजबुजायला आणखी वर्षभर पुरलं.

चाचा गेल्यावर चाचींनीच सांगितलं. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. गुरुवारी ते भाट्याच्या म्हाताऱ्या आनंदीबाई मास्तरणीकडे धडा शिकत आणि शुक्रवारी तोच शिकवत. पुडक्यात पाटी होती.