देवांच्या अंघोळीचं पाणी

वसंतकाकांच्या फ्लॅटमध्ये आम्ही एक खोली घेऊन राहायचो तेव्हाची ही गोष्ट. साल सत्त्याण्णव, शारजातला रोला भाग. एक खोली त्यांची, एक माझी आणि माझ्या नवऱ्याची, सिद्धार्थची, हॉल-किचन-बाथरूम शेअरिंग. तेव्हा ओळखीतली निम्मी मराठी कुटुंबं अशीच राहायची, त्यामुळे त्याची लाज वाटायची नाही. किळस मात्र वाटायची, आणि मला ती पहिल्या आठवड्यापासूनच वाटायला लागली.

वसंतकाका एका काँट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर. पंचावन्नच्या आसपासचे. कमलिनीकाकू साताऱ्याला असायच्या, दोन वर्षांतून एकदा व्हिजिटवर यायच्या. माणूस देवमाणूस आहे, असं महाराष्ट्र मंडळातले सगळे म्हणायचे. डोंबलाचा देवमाणूस! त्यांच्याबरोबर बाथरूम शेअर करून बघायचं होतं. पायाची नखं डायनिंग टेबलावर कापायचे आणि तुकडे हाताने गोळा करून ट्यूबलाइटच्या उजेडात निरखायचे. सकाळी घसा खाकरायचे ते अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं.

आणि त्यांचं ते झाड. हॉलच्या खिडकीत छताच्या हुकाला टांगलेली कुंडी, आणि तिच्यातून खाली लोंबणाऱ्या चाळीसेक करड्या-हिरव्या, केसाळ, बोटाएवढ्या जाड शेपट्या. रॅट टेल कॅक्टस. नाव अगदी बरोबर ठेवलंय ज्याने ठेवलं त्याने. मेलेले उंदीर कुंडीत कोंबून शेपट्या तेवढ्या बाहेर सोडाव्यात, तसं दिसायचं. त्याच्याखालच्या सोफ्यावर मी कधी बसले नाही.

खोर फक्कानच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून काकांनी ते आणलं होतं. दहा दिरहॅमला, म्हणजे तेव्हाच्या पंचेचाळीस रुपयांना, हे आल्यागेल्याला सांगायचे. तेव्हा तीनच शेपट्या होत्या. आठ वर्षं त्यांनी ते वाढवलं. माती कमी, जाड वाळू जास्त. उजेड भरपूर, पण दुपारचं ऊन नको, म्हणून काचेला बटर पेपर. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचे, कोरडं ठणठणीत लागलं तरच पाणी. थंडीत तर महिन्यातून एकदा, तेही मोजून. मार्चमध्ये त्या शेपट्यांवर गडद गुलाबी फुलं यायची. ती सुंदर असायची, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

पण मिलीबग! पांढऱ्या कापसाच्या ठिपक्यासारखी ती कीड काट्यांच्या बेचक्यात बसायची. काका जुना टूथब्रश आफ्टरशेव्हमध्ये बुडवून घासायचे, आणि उरलेले किडे दोन नखांत धरून चिरडायचे. बोटं पायजम्याला पुसायची आणि त्याच हाताने डब्यातली पोळी घ्यायची. शी! मला दिवस गेले तेव्हा हे बघून मी दोनदा जेवणावरून उठले.

जुलैमध्ये काका दोन महिन्यांच्या लीव्हवर निघाले. जाताना त्यांनी सिद्धार्थला झाडाखाली उभं करून बजावलं की पाणी पंधरा दिवसांनी एक कप, त्यावर थेंब नाही. मग हसत म्हणाले, "झाड गेलं तर खोली रिकामी करायची हं." ते हसले, पण आमच्या आधीच्या जोडप्याला त्यांनी किचनमध्ये सुकट भाजली म्हणून आठ दिवसांत बाहेर काढलं होतं. मला ऑक्टोबरची तारीख दिली होती. सातव्या महिन्याचं पोट घेऊन त्या उन्हाळ्यात दुसरी खोली शोधत हिंडायचं, हे मला जमणारं नव्हतं.

आता आमच्या ह्यांचं ऐका. सिद्धार्थ रोज पूजा करणारा. देवांना अंघोळ घातलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, झाडाच्या मुळाशीच घालायचं, ही त्याच्या आईची शिकवण. माझी तुळस मेमध्येच जळून गेली होती. मग घरात उरलं कोण? मी म्हटलं, अरे, काकांनी नको सांगितलंय. तर म्हणे, हे पाणी नव्हे, तीर्थ आहे, वाटीभराने काय होतंय! रोज वाटीभर. आणि श्रावण लागल्यावर पंचामृताचं. दूध, दही, मध, साखर, वर हळदकुंकू, सगळं त्या वाळूत. मी वाद घातला नाही. अंगात त्राण नव्हतं, असं मी स्वतःला सांगते.

मुनीर आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन. चितगावचा, पन्नाशी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा. माझं पोट दिसायला लागल्यापासून मला एक पिशवी उचलू द्यायचा नाही. पाण्याचा मोठा कॅन वर घेऊन आला असताना त्याला कुंडीतून गळणारं दिसलं, तेव्हा तो सिद्धार्थला म्हणाला की साहेब, इसको इतना पानी मत दो, मर जाएगा. सिद्धार्थने ऐकून सोडून दिलं.

ऑगस्टच्या शेवटी शेपट्या बुडातून तपकिरी पडायला लागल्या. दाबलं की आतून बुळबुळीत पाणी यायचं. मग एकेक गळून सोफ्यावर पडायला लागली. नासलेलं दूध आणि कुजका कांदा एकत्र केल्यासारखा वास, चिलटांचा थवा, मुंग्यांची रांग. मी नाकाला पदर लावून त्या गोळा करायचे आणि ओकायचे. खोली गेली, एवढंच डोक्यात असायचं.

काका आले. बॅगा दारातच ठेवून कुंडीपाशी गेले, बोट खुपसलं, वास घेतला. "कोणी घातलं पाणी?"

सिद्धार्थ म्हणाला, "मुनीरने, काका. आम्ही डॉक्टरकडे असायचो, आम्हाला कळलंच नाही."

"आत कसा आला?"

"त्याच्याकडे मास्टर की असते ना."

हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आलं. मी किचनच्या दारात होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी आत वळून चहाचं आधण ठेवलं.

काका बिल्डिंगच्या ऑफिसमध्ये गेले. माणसं घरात नसताना फ्लॅट उघडून आत शिरणारा नातूर कोण ठेवणार? चार दिवसांत मुनीरचा व्हिसा कॅन्सल. जायच्या आदल्या दिवशी तो दाराशी आला. आत पाऊल टाकलं नाही, चटईच्या पलीकडे उभा राहिला.

"भाभी, आप तो जानती हैं."

"मुझे कुछ नहीं मालूम," मी म्हटलं, आणि दार लावलं. हळूच लावलं, आवाज होऊ नये म्हणून. अजून तो हळूपणा आठवला की मला माझीच शिसारी येते.

खोली राहिली. ऑक्टोबरमध्ये पर्णिका झाली. बारशाला काका दह्याच्या रिकाम्या डब्यात एक शेपूट लावून घेऊन आले. कुजलेल्यातून चार हिरवी टोकं त्यांनी कापून काढली होती, आठवडाभर सुकवून वाळूत लावली होती, त्यातलं एक जगलं.

"हे तुला," म्हणाले. "आणि ह्याला पंचामृत पाजू नका म्हणावं सिद्धार्थला."

डबा घ्यायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.

"कुंडीत कुंकू होतं गं. मुनीर कशाला कुंकू वाहील?" ते मजेत हसले. "मला आल्या आल्याच कळलं."

"मग ऑफिसात का गेलात?"

"सिद्धार्थने त्याचं नाव घेतलं होतं. गप्प बसलो असतो तर तुम्ही खोटे पडला असता. आणि तुझे दिवस भरत आलेले. आपल्या माणसांना रस्त्यावर काढू का? नातूर काय, दुसरा आलाच की."

पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या, सिद्धार्थ पेढे वाटत होता. वाटलं तो डबा त्यांच्या पायांवर आपटावा.

मी तो दोन्ही हातांनी घेतला. थँक्यू काका, म्हटलं. पर्णिकाला त्यांच्या पायांशी ठेवलं, आणि मग त्यांना पानावर बसवून आग्रह करकरून जेवायला वाढलं.