निवडीच्या आदल्या दिवशी आलेला फोन

शॉमबर्ग या अमेरिकन गावातल्या आमच्या घरात ल्यूज हा शब्द मी आणला. बर्फाच्या वळणावळणाच्या ट्रॅकवरून छोट्या स्लेडवर उताणं पडून, पाय पुढे करून सुसाट खाली जायचं. हाडं मोडून घ्यायला एवढ्या लांब कशाला जायला हवं, असं आई म्हणाली होती. तरी दर हिवाळ्यात माझ्या बॅगेत मेतकुटाची बाटली तीच ठेवायची.

ऑलिंपिकची टीम निवडायची होती त्या आठवड्यात बाबा रोज फोन करायचे आणि आई झोपली आहे म्हणायचे. ती आयसीयूत होती. पापणी लवायलाही जास्त वेळ लागेल, एवढ्याशा फरकानं माझी जागा गेली. हेल्मेट काढलं तेव्हा कोचनं घरी जायला सांगितलं. त्याला चार दिवसांपासून सगळं ठाऊक होतं, बाबांनीच त्याला गप्प राहायला विनवलं होतं. मी पोचले तेव्हा आई गेली होती.

"तिचीच तशी इच्छा होती," बाबा म्हणाले. त्यानंतर कितीतरी महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

पुढे खांदा कामातून गेला आणि मी कोच झाले. माझ्याकडची एक मुलगी अगदी लहानपणापासून माझ्या हाताखाली शिकलेली. गेल्या मोसमात निवडीच्या आदल्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. तिच्या आईला हार्ट अटॅक आला होता, पण रेस होईपर्यंत मुलीला कळू देऊ नका, असं ते म्हणत होते. मी तसं कबूल केलं नाही. ती शेडमध्ये स्लेडच्या पोलादी पट्ट्या घासत बसली होती. तिच्याशेजारी बसून मी सांगितलं. तासाभरात ती निघाली.

तिची आई वाचली. टीम तिच्याविना गेली.

बर्फ वितळल्यावर ती सामान न्यायला आली. "एक दिवस थांबला असतात तर चाललं असतं," एवढंच म्हणाली. माझ्या आईचं सांगावं असं फार वाटलं, पण ते माफी मागितल्यासारखं झालं असतं. मी तिची स्लेड गाडीत ठेवून दिली. तिनं खेळ सोडला.

त्या रविवारी बाबांना फोन करून सगळं सांगितलं.

"मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि बरं काही वाटलं नाही.