झोपवलेला कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा उठतो

परवा दुपारी आमचा कॉम्प्युटर परत आपोआप उठला... आणि त्याच्याबरोबर सौ. पण उठली. बिचारीचा आत्ता कुठे डोळा लागला होता.

आंबिवलीला आमचं वन रूम किचन आहे. एकाच खोलीत हिची कॉट आणि कॉटच्या पायथ्याशी कॉम्प्युटरचं टेबल. दिवाळीपासून ही अंथरुणावर आहे, अर्धं अंग गेलंय. रात्रभर तळमळते, जी काही झोप लागते ती दुपारी. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांइतकीच झोप महत्त्वाची, मोडू देऊ नका.

आणि हा कॉम्प्युटर... मी स्लीपवर क्लिक करतो, स्क्रीन काळी होते. जरा वेळाने आपोआप पंखा घुर्र करतो आणि अख्खी खोली निळी होते. ही डोळे न उघडता म्हणते, "उठला बघा तुमचा लाडका."

तुम्ही म्हणाल, पूर्ण बंद का नाही करत? एकदा केलेला, तर चालूच होईना. रिपेअरवाला येऊन गेला, जाताना म्हणाला, "काका, म्हातारा झालाय हा. चालतोय तोवर चालवा, बंद करू नका. परत उठेल याची गॅरंटी नाही." तो सहज बोलला. माझी नजर मात्र कॉटकडे गेली.

आणि तो लागतोच हो. मुलगी बंगळुरूला असते. मोबाईलवर हिला नातीचा चेहरा नीट दिसत नाही, मोठ्या स्क्रीनवर दिसतो. संध्याकाळी नात समोर आली की हिच्या तोंडाची चांगली बाजू हसते. तेवढं मला बंद पडू द्यायचं नाही.

मी आठवी शिकलेला माणूस. शेजारच्या मोहने गावातल्या कारखान्यात मशीनवर आयुष्य गेलं, मशीनला हात लावायला घाबरत नाही. पण ते मशीन बटण दाबलं की थांबायचं... थांबलं म्हणजे थांबलं. याचं तसं नाही. शेजारचे म्हणाले, हॅकर असेल. ते ऐकून मी कॅमेऱ्यावर हिच्या पाकिटातली एक टिकली चिकटवली. कॉलच्या वेळी काढायची, परत लावायची.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, माऊस हलत असेल. मालगाडी गेली की तुमचं टेबल थरथरतं ना? उलटा करून ठेवा." ठेवला, तरी उठला. इंटरनेटची वायर काढली, तरी उठला. मग तिने सेटिंगमध्ये कसलीशी खूण काढायला सांगितली, मी भलतीच काढली असणार. "तुम्ही घाबरता आणि काहीही दाबता बाबा," म्हणून चिडली. खोटं कशाला सांगू, तसंच होतं.

तर परवा तो उठला, ही उठली, आणि मला रडूच फुटलं. "काय गिळलंय याने? गपगुमान झोपत का नाही हा?"

कॉटवरून आवाज आला. "अक्षता."

पहिला झटका आला तेव्हाही ही अशीच काहीतरी असंबद्ध बोललेली. धावत जवळ गेलो. "अगं काय होतंय तुला?"

"मला कुठे... त्याला," ती थांबत थांबत म्हणाली. "दसऱ्याला त्याची पूजा केलेली ना... अक्षता वाहिलेल्या. बटणांवर."

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं. मिक्सर, शिलाई मशीन, माझा जुना पाना... सगळ्यांना झेंडूचं फूल. कॉम्प्युटर तरी कसा सुटेल? तेव्हा ही पदर खोचून उभी होती. मी म्हणालेलो, अगं बटणांवर कशाला? तर म्हणाली, "असू दे, त्याला पण कळू दे सण आहे."

कीबोर्ड उलटा करून झटकला. काही पडलं नाही. मग हिच्या केसातली पिन घेतली आणि खालच्या लांब बटणाच्या कडेने फिरवली... तांदळाचा एक दाणा बाहेर आला. कुंकवाने लाल झालेला. त्याच्यामुळे बटण अर्धवट दाबलेलंच राहत होतं. टेबल जरा हललं की ते आणखी दाबलं जायचं आणि कॉम्प्युटरला वाटायचं, कोणी हाक मारली. ही आजारी पडायच्या आधीपासून उठत असेल तो... पण तेव्हा घरात दुपारी झोपत कोण होतं?

दाणा तळहातावर ठेवून हिला दाखवला. "केरात टाकाल," ती म्हणाली. "तुळशीत टाका." तुळशीत टाकला.

कॉम्प्युटर झोपवला. मालगाडी गेली, टेबल थरथरलं... स्क्रीन काळीच राहिली. ही पण झोपली.

मला वाटलेलं, आता मीही जरा आडवा होईन. कसला होतोय... खोली इतकी गप्प झाली की मला बसवेना. चहाची वेळ झाली तरी ही हलेना. कॉटजवळ गेलो, परत स्टुलावर बसलो, परत गेलो. शेवटी हिच्या नाकापाशी बोट धरलं.

"आहे हो मी अजून," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तो झोपला एकदाचा... आता तुम्ही नका उठवू."

आणि कूस नाही वळता येत तिला, म्हणून फक्त मान वळवून परत झोपली.

झोपेसारखी झोप लागली तिला, किती दिवसांनी. पुढचं काही माहीत नाही. माझी भीती काही जाणारी नाही, ती माझ्याजवळच राहू दे. पण त्या दुपारबद्दल देवाचे आभार. चहा मी टाकलाच नाही... भांडं वाजलं असतं.