बोंबलातलं मीठ खोडणाऱ्या बाई

मंडळी, आज माहीमजवळच्या एका शाळेत सातवीचा ब्लॉग बघायला गेलो होतो. बातमीदाराच्या खोडीनुसार आधी चुका शोधल्या. एकच सापडली, तीही बाईंची.

कोळीवाड्यातल्या दर्शनाने बोंबील कसे सुकवतात ते लिहिलं होतं. साताऱ्याकडच्या बाईंनी तपासताना त्यात ‘मीठ लावून’ अशी भर घातली. तेव्हापासून दर्शनाने लिहिणंच सोडलं. म्हणायची, “बाई कशा चुकतील? माजंच चुकलं असंल.”

आज तिच्या आईने मोबाइलवर ब्लॉग वाचला आणि बाईंना व्हॉइस मेसेज धाडला. बाईंनी तो सगळ्या वर्गाला ऐकवला. “बाई, आमी सुकवायच्या बोंबलाला मीठ नाय लावत! जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगतो. एकदा येऊन बघा तरी!”

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या, त्यांनी पडद्यावर सगळ्यांदेखत ते मीठ खोडलं आणि खाली लिहिलं, ‘चूक माझी, दुरुस्ती दर्शनाच्या आईची.’ दर्शनाने न विचारताच कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

गुरूने शिष्याकडून हरण्याची इच्छा धरावी, हे मी संस्कृतात घोकलं होतं. घडताना आज पाहिलं. तुमच्या कोणत्या गुरुजींनी वर्गासमोर स्वतःची चूक खोडली होती?