तिसऱ्या नंबरचं बटण

प्रत्येक कलावंताच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याला स्वतःचा खरा आवाज सापडतो. माझ्या आयुष्यात तो सौंसरला, एका शनिवारी दुपारी, प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना आला. आवाज बंद होता.

माझी आई आमच्या महिला भजन मंडळाची मुख्य गायिका. बारा-तेरा बायका, एकसारख्या साड्या, मधोमध आई, आणि तिच्या उजव्या हाताला पेटीवर मी. पंधराव्या वर्षापासून मी पेटी वाजवायचे आणि आईच्या मागे गायचे. एक माईक पेटीला होता आणि एक मला. आपल्याला स्वतंत्र माईक आहे ही गोष्ट मी कॉलेजात गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितली होती. लोकही कौतुक करायचे. तिगावची मावशी तर म्हणायची, की माझा आवाज थेट काळजाला भिडतो.

साऊंड असायचा बिछायत केंद्रवाल्या काकांचा. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, जेवणाची भांडी आणि साऊंड, असा त्यांचा क्रम होता. त्यांचा एक जुना मिक्सर होता. त्यावर ओळीनं वर-खाली सरकणारी बटणं होती, एका माईकला एक. प्रत्येक बटणाखाली पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं लिहिलेलं असायचं.

त्या शनिवारी भजन मध्येच थांबवून सत्कार सुरू झाले. आधी हार झाले, हार संपले तेव्हा शाली निघाल्या, शाली पुरल्या नाहीत तेव्हा नुसते नारळ. मग पाहुणे बोलायला उभे राहिले आणि माईकनं शिट्टी मारली. पाहुणे जवळ आले की शिट्टी, दूर गेले की आवाजच नाही. काका रस्त्यापलीकडच्या लिंबावर बांधलेला भोंगा सरळ करायला गेले होते. मिक्सरच्या सगळ्यात जवळ मी होते, म्हणून उठून गेले. ‘पाहुणे’ असं लिहिलेलं बटण थोडं खाली ओढलं, त्याच्या वरचं एक गोल बटण अंदाजानं डावीकडे फिरवलं. शिट्टी थांबली. एवढंच नाही, भाषणातला शब्द न् शब्द कळायला लागला. हे चांगलं झालं की वाईट, यावर मतभेद होऊ शकतात. पण मला हातात काहीतरी आल्यासारखं वाटलं. मी आयुष्यात पहिल्यांदा एक आवाज सुधारला होता.

मग बाकीच्या पट्ट्या वाचल्या. ‘बाई’ म्हणजे आई, ते बटण वर. ‘पेटी’, वर. तिसरी पट्टी ‘पोरगी’. ते बटण अगदी तळाला होतं, आणि त्याच्यावर इतकी धूळ होती की ते त्या दिवशी खाली आलेलं नव्हतं हे कुणालाही कळलं असतं.

काका परत आले.

“काका, हे बंद काहून आहे?”

“बंद नाही वं बाई. आरामात आहे.”

“कवापासून?”

काकांनी धूळ पाहिली, मग मला पाहिलं. “तू बसाले लागली तवापासून.”

“चार वर्षं?”

“हे पाह्य बेटा, तुया मायचा सूर म्हणजे डांबरी रस्ता. तू त्याच्या बाजूबाजूनं चालते. रस्त्यावर येत नाही. आन् मी तं हुकमाचा ताबेदार.”

शेवटचं वाक्य मी विनोद समजून सोडून दिलं. रडायचा विचार होता, पण भाषण संपलं आणि पेटीवर जावं लागलं. पुढचं भजन मी नुसती वाजवत राहिले, तोंड मिटून. कुणालाच फरक कळला नाही. मावशी समोरच बसली होती. नंतर म्हणाली, “आज तं कमालच केली तू.”

त्यानंतर मी पेटी मंडळातल्या एका वहिनीला शिकवली. वहिनीला फक्त काळी चारमधून, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या सुरावर सा धरून, वाजवता आलं, पण आईचा सूर काळी चारच होता, तेव्हा तेवढंच पुरे होतं. मी काकांच्या शेजारी, मिक्सरजवळ बसायला लागले. ढोलक कुठे गुरगुरते, टाळ कुठे कानात टोचतात, आईच्या आवाजातलं काय वर आणलं की ती शेवटच्या सतरंजीवरच्या म्हातारीलाही शेजारी बसल्यासारखी वाटते, हे मी तिथे शिकले. पुढे नागपूरला साऊंडचा कोर्स केला, तिथेच एका स्टुडिओत लागले. लोकांच्या गाण्यातला खोकला काढणे हे माझ्या कामाचं ढोबळ वर्णन होईल. बाबा गावात सांगतात, पोरगी इंजिनीअर आहे. म्हणून दिवाळीत घरी गेले की कुणीतरी विहिरीवरची मोटर दाखवायला येतं.

यंदा पांढुर्ण्याला मंडळाचा कार्यक्रम होता. काकांना आता कमी दिसतं, म्हणून साऊंड मी बघणार असं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी मंडळातल्या टाळवाल्या काकू घरी आल्या. आई आत होती. काकूंनी मला अंगणात घेतलं.

“बेटा, उद्या तुया आईचा माईक थोडा कमी ठेवशीन.”

“काहून?”

“वर गेली की फाटते आता. मागं जामसांवलीच्या कार्यक्रमात पोट्टे हसले. तिले नाही समजलं, पण आम्हाले समजलं नं. आम्ही मागून जोरात म्हणू. कोणाले पत्ता लागत नाही.”

पत्ता लागत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आईनं तीस वर्षं त्या मंडळाला सूर दिला होता. आणि उद्या तिनं पूर्ण जीव लावून गायचं, आणि तो आवाज तिच्या गुडघ्यांपलीकडे जाऊ नये, हे माझ्या एका बोटावर होतं.

सकाळी आई मंडळाच्या साडीला इस्त्री करत होती. मी चहा घेऊन समोर बसले.

“आई, उद्यापासून... म्हणजे आजपासून, काळी तीनमध्ये गातेस का?”

“काहून? माया सूर काळी चार आहे. लग्न झाल्यापासून.”

“लग्नातलं ब्लाउज बसते का तुले?”

तिनं इस्त्री उभी केली. “काकू आली होती काल. काय म्हणून राहिली होती?”

मी सांगितलं. सगळं, पोट्ट्यांचं हसणंसुद्धा. ते सांगायला नको होतं, पण अर्धं सांगायचं ठरवलं असतं तर मी पुन्हा त्या बटणाजवळच गेले असते.

“फाटते का वं खरंच?”

“वरचा सा फाटते. बाकी सगळं जागच्या जागी आहे.”

“बाप्पा.” ती बराच वेळ साडीची एकच घडी दाबत राहिली. मग म्हणाली, “मंग कर बंद. मले समजणार बी नाही.”

“म्हणूनच करत नाही. मले माहीत आहे कसं लागते ते.”

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “मीच सांगतलं होतं त्याले.”

“कोणाले?”

“बिछायतवाल्याले. का पोरीचा बंद ठेव म्हणून.”

मला राग यायला हवा होता. तो यायला निघाला असेल, पण वाटेत काकांचं ‘हुकमाचा ताबेदार’ आठवलं आणि हसू आलं.

“मले तरी सांगायचं नं.”

“सांगतलं असतं तं तू गाणं सोडलं असतं. बाजूले बसून गात होती तू, ते मले ऐकू येत होतं. बेसूर होतं, पण ऐकू येत होतं. लोकाइले काय कराचं त्याचं?”

चहा गार झाला होता. आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला.

“काळी तीन तं काळी तीन,” आई शेवटी म्हणाली. “पण वहिनीले कुठं येते काळी तीन? पेटीवर तू बस.”

“आन् साऊंड?”

“तो आहे नं. दिसत नाही, ऐकू तं येते त्याले.”

दुपारी पांढुर्ण्याला मी आईच्या उजव्या हाताला बसले. वहिनीला टाळ दिले, तिला सुटल्यासारखंच वाटलं. काकूंनी पेटीवर मला पाहून भुवया चढवल्या. आईनं सुरुवात केली. काळी तीनमध्ये तिचा आवाज रुंद झाला होता. वरचा सा आला तेव्हा मी पेटीचा भाता जरा जास्तच दाबला. सा फाटला नाही. तिनं तो धरला, हवा तेवढा, आणि मग स्वतःच सोडला. पुढच्या ओळीतल्या एका आजीनं डोळ्याला पदर लावला. टाळवाल्या काकू मागून जोरात म्हणायचं विसरल्या.

आणि मी गायले. इतक्या वर्षांनी, तोंड उघडून, आईच्या बाजूला बसून. रोज दहा तास लोकांचे सूर तपासून माझाही कान तयार झाला होता. मला वाटलं, आज मी रस्त्यावर आहे. आईनं एकदा वळून पाहिलं आणि हसली.

आरती झाली, प्रसाद झाला. काकांना मदत म्हणून मी वायरी गुंडाळायला गेले. मिक्सर तोच होता, चिकटपट्ट्या नव्या होत्या. ‘बाई’, वर. ‘पेटी’, वर. तिसऱ्या पट्टीवर काकांनी मोठ्या, मानाच्या अक्षरांत ‘इंजिनीअर मॅडम’ असं लिहिलं होतं.

बटण तळाला होतं.