रिंकमागच्या दाराबाहेर अण्णांच्या चपला

भुतंखेतं, संकेत, कुणीतरी पाठीशी उभं होतं... असलं कुणी बोलायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. आजवर कशावर विश्वास ठेवला नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण सांगते.

आम्ही लीड्सला राहतो, सिटी सेंटरमध्ये. तळाला आइस हॉकीचे दोन रिंक, भोवती दुकानं, कॅफे, जिम आणि वर आमचे फ्लॅट्स. माझी नऊ वर्षांची लेक इरा शनिवारी सकाळी खालीच प्रॅक्टिसला जाते. त्या दिवशी साताऱ्याहून आलेले माझे सासरे अण्णाही सोबत होते. उशीर झाला म्हणून मी म्हटलं, "नाश्ता खाली कॅफेत करू." त्यांनी इन्सुलिन आधीच घेतलं होतं. मी विचारलंच नाही.

चेंजिंग रूमबाहेर मुलींच्या बुटांची रांग होती. ती बघून अण्णांनीही चपला काढल्या — देवळात आल्यासारख्या!

"अहो अण्णा, त्या मुली स्केट्स घालतायत म्हणून! लोक बघतायत."

ते ओशाळले. बक्कल लावायला वाकले तर हात थरथरत होते. "राहू द्या आता, या बाकावर बसा तसेच," म्हणत मी चपला इराच्या रिकाम्या किटबॅगेत कोंबल्या, चेन लावली आणि बॅग खांद्याला अडकवली.

दहा मिनिटांनी बघते तर बाकावर अण्णा नाहीत. कॅफे, सुपरमार्केट, लिफ्ट, वर घर... कुठेच नाहीत. त्यांचा फोन घरीच चार्जिंगला. पोटात अन्न नाही, अंगात इन्सुलिन! साखर उतरली तर माणूस बेशुद्धच पडतो.

रिंकची स्टुअर्ड बाई माझ्याबरोबर शोधत होती. दुसरा रिंक त्या दिवशी बंद होता. त्याच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये एकसारखी सात-आठ करडी दारं. आम्ही परत फिरणार, तेवढ्यात एका दाराबाहेर दिसल्या... अण्णांच्या चपला. शेजारी-शेजारी, नीट लावलेल्या.

चपला बाहेर म्हणजे माणूस आत. हे मला कुणी शिकवायला नको.

"हे उघडा! आत्ता!" मी ओरडले.

बाईने किल्ली लावली. आत अण्णा भिंतीला टेकून बसलेले, घामाने चिंब, बोबडी वळलेली. दार मागे आपोआप लॉक झालं होतं. माझ्या पर्समध्ये इराचं ऑरेंज स्क्वॉश होतं, ते घोट-घोट पाजलं. "ऑल राइट, लव्ह, ही इज कमिंग राउंड," बाई म्हणाली आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले.

"टॉयलेट शोधत होतो गं," अण्णा म्हणाले. "तू आधीच चिडलेलीस, म्हणून विचारलं नाही."

मी त्यांचा हात धरून बसले.

मग म्हणाले, "माझ्या चपला तुझ्याकडेच आहेत ना?"

बॅग अजून माझ्या खांद्यालाच होती. चेन बंद. उघडली — रिकामी.

नवरा म्हणतो, टाकल्याच नसशील, घाईत भास झाला. पण इरा शपथेवर सांगते, "मम्मा, तू बॅगमध्ये टाकला, मी बघितला!" कॉरिडॉरमध्ये कॅमेरा नाही. मी डोकं खूप चालवलं. नाही उलगडत, आणि आता मी नादही सोडलाय. अण्णा सुखरूप आहेत, बास.

आता ते फ्लॅटच्या दाराबाहेर चपला काढतात. पॅसेज मोकळा ठेवा म्हणून बिल्डिंगवाल्यांची दोन पत्रं आली. येऊ देत. लिफ्टमधून बाहेर पडले की आधी तिकडे बघते. चपला जागेवर असतात. अण्णा आत आहेत.