बाबीनचे बहिरे कान

बाबीनच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, डब्लिनचा अतिशहाणा, आणि माझी आयरिश पाठ केलेल्या चार वाक्यांत संपायची. विद्यापीठ दर उन्हाळ्यात आम्हाला पश्चिमेला कोनेमाराच्या किनाऱ्यावर, जिथे अजून आयरिशच बोलतात अशा घरांत ठेवायचं. महिनाभर तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, आणि तोंडातून इंग्रजी निघालं की दुसऱ्या दिवशीच्या बसने घरी.

तिसऱ्याच दिवशी किटलीने हात पोळला आणि मी इंग्रजीत अशी शिवी हासडली, की भिंतीवरच्या मेरीमातेनेही कानांवर हात ठेवले असते. बाबीनने शांतपणे माझ्या हाताला लोणी फासलं. "आज वारा फार आहे," ती म्हणाली. "मला काही ऐकूच येत नाही."

मी राहिलो. पुढे त्याच भाषेची पदवी घेतली, तीच शिकवू लागलो. माझं पोट बाबीनच्या बहिरेपणावर चालतं, असं मी वर्गात गमतीने सांगायचो.

बाबीनची शाळा चौदाव्या वर्षीच सुटली होती. चाळीस उन्हाळे तिने बटाटे उकडले, खारे मासे शिजवले आणि आमच्यासारख्या ठोंब्यांची वाक्यं सरळ केली. तिच्या हाताखालून गेलेले तिघे आज प्राध्यापक आहेत. पोटचा मुलगा मात्र लंडनला गेला तो तिकडचाच झाला.

गेल्या मे महिन्यात विद्यापीठाच्या यादीतली ही घरं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नियम एकच, घरातल्या प्रत्येकाने आयरिशच बोलायचं. बाबीनकडे आता तिची नात राहत होती, तेरा वर्षांची एडीन. आईबाप वेगळे झाले म्हणून वर्षापूर्वी लंडनहून आजीकडे आलेली. मी तिला आयरिशमध्ये नाव विचारलं. तिने आजीकडे पाहून इंग्रजीत विचारलं, हा काय म्हणतोय?

नियमाप्रमाणे हे घर यादीतून जायला हवं होतं. शेजारची दोन्ही घरं कधीच बंद झाली होती. उन्हाळ्यातले विद्यार्थीही गेले, तर बाबीनशी तिच्या भाषेत बोलायला माणूसच उरणार नव्हतं. मी फॉर्म दुमडला.

"आज वारा फार आहे," मी म्हणालो. "मला काही ऐकू आलं नाही."

"लिही," बाबीन म्हणाली.

"बाबीन, तुम्ही मला त्या दिवशी..."

"तू शिकत होतास, म्हणून मी बहिरी झाले. ही शिकत नाही रे बाळा. वर्षभर बोलतेय तिच्याशी, भिंतीशी बोलल्यासारखं. तुझी पोरं इथे येऊन काय ऐकणार? लिही."

मी लिहिलं. ज्या घराने शिकवलं त्याचंच नाव खोडणाऱ्याला काय म्हणतात, ते मला दोन्ही भाषांत ठाऊक आहे.

मी दाराशी पोचलो तेव्हा एडीनने पुन्हा इंग्रजीतच विचारलं, तो कशाला आला होता?  एकेक शब्द चाचपडत, मोडक्या इंग्रजीत बाबीनने नातीला सांगितलं, की हा माझा विद्यार्थी, आता यायचा नाही.

वीस वर्षांत तिच्या तोंडून इंग्रजी मी पहिल्यांदाच ऐकलं. बाहेर वारा अजिबात नव्हता.